मोठ्याचं निदान आणि धाकट्याची वेळ : किनाऱ्यावरच्या एका घरातलं एएलडीचं प्रकरण

ही केस सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातली आहे. एएलडी म्हणजे आईकडून मुलग्यांत येणारा, मेंदू आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी बिघडवणारा आनुवंशिक आजार. आईवडिलांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी या भागात वाढीच्या आणि अभ्यासाच्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर थेरपीचं काम करते आणि या घराशी माझा संबंध आला तो मोठ्या मुलामुळे. पण खरं सांगायचं तर ही गोष्ट जास्त करून धाकट्याची आहे, म्हणजे त्याची, ज्याला तेव्हा काहीच झालेलं नव्हतं.

पार्श्वभूमी

घरात आजी, आईवडील आणि तीन पोरं. मुलगी ११ वर्षांची, मधला (घरात त्याला मोठाच म्हणतात) ८ वर्षांचा, धाकटा साडेचार. वडील ट्रॉलरवर जातात, आई बचतगटात कोकम आणि आंबापोळीचं काम बघते. नातेवाईकांत लग्न वगैरे झालेलं नाही, गर्भारपण बाळंतपण सगळं सुरळीत, तिन्ही पोरं वेळेवर चालली बोलली.

आईचा एक भाऊ मुंबईत असतो, वय ३४. गेली काही वर्षं त्याचे पाय ताठ पडायचे, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, लघवीला घाई व्हायची. त्याला कोणीतरी स्लिप डिस्क सांगितलेली आणि तो पट्टा बांधून, मालिश करून दिवस काढत होता. ही गोष्ट सुरुवातीला कोणी सांगितलीच नाही, कारण मामाची कंबर आणि भाच्याचा अभ्यास यांचा संबंध कोण लावणार?

काय बिघडत होतं

जूनमध्ये मोठा तिसरीत गेला आणि बाईंच्या लक्षात आलं की याचं अक्षर बिघडलंय. दुसरीत गोल टपोरं अक्षर होतं, आता ओळ सोडून खाली वर, शब्द अर्धवट, फळ्यावरचं उतरवताना मधलंच गाळायचा. वर्गात हाक मारली की "काय?" म्हणायचा, पुन्हा सांगितलं की पुन्हा "काय?". घरी चिडचिड वाढली, लहानसहान गोष्टीवरून धाकट्यावर धावून जायचा, आधी असा नव्हता. आजीचं म्हणणं, "तेका सांगलेला समजताच नाय, मोबाईलान डोक्या फिरवल्यान."

मग नेहमीची वारी सुरू झाली. डोळे तपासले, चष्मा लागला, फरक शून्य. कान तपासले, ऑडिओग्राम नॉर्मल. एका ठिकाणी अतिचंचल म्हणून गोळी सुरू झाली आणि त्याच सुमारास त्याला थेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं. शांत खोलीत समोर बसून बोललं की त्याला बरंच कळायचं, पण बाजूला पंखा खडखडत असेल किंवा दोन माणसं बोलत असतील तर काहीच पोचायचं नाही, फोनवर तर अजिबातच नाही. म्हणजे आवाज कानात जात होता, पण मेंदूत त्याचा अर्थ लागत नव्हता. चित्राचंही तेच, एकेक रेघ दिसायची पण पूर्ण चित्र कशाचं ते सांगता यायचं नाही.

मला ज्या गोष्टीने अस्वस्थ केलं ती ही, की या मुलाला हे सगळं *आधी येत होतं*. ज्याला मुळात शिकायला जड जातं त्या मुलाची वही पहिलीपासून तशीच असते. इथे बाईंनी दुसरीची वही जपून ठेवलेली आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की कोणालाही दिसावं. त्या दोन वह्यांचे फोटो आणि एक चिठ्ठी घेऊन मी त्यांना तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लिहिलं एवढंच की शिकलेलं विसरतोय, मेंदूची तपासणी हवी.

निदान कसं झालं

चिठ्ठी हातात असूनही घरच्यांनी दिवाळी होऊ दे म्हणून थोडं लांबवलं. नोव्हेंबरच्या शेवटी साधा ताप आला, दोन उलट्या झाल्या आणि पोरगा एकदम गळून बेशुद्धीच्या वाटेवर. त्याच बालरोगतज्ज्ञांकडे नेला, साखर खूप खाली, बीपी खाली. ग्लुकोज आणि सलाईनवर तासाभरात सावरला. इथे डॉक्टरांनी "ताप होता म्हणून" असं म्हणून सोडून दिलं नाही. त्यांनी तोंड उघडून हिरड्या बघितल्या, तळहाताच्या रेषा बघितल्या, गुडघ्यावरचे जुने व्रण बघितले, सगळं काळपट. घरच्यांना हे माहीत होतं, पण "दर्यावर हिंडता, काळो होतलोच" म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. उन्हाने रापलेला माणूस शर्टाखाली उजळ असतो आणि हिरड्यांना तर ऊन लागतच नाही. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल (आजारपणात साखर आणि बीपी टिकवून धरणारं संप्रेरक) कमी बनवायला लागल्या की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं संप्रेरक) वाढवत नेते आणि त्याच्या जोरावर त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं. रक्तात एसीटीएच प्रचंड, कॉर्टिसॉल तळाला.

अ‍ॅड्रिनल कमी पडतेय आणि मुलगा शिकलेलं विसरतोय, हे दोन्ही एका मुलग्यात एकत्र दिसलं की एक नाव डोक्यात यायलाच हवं : अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, थोडक्यात एएलडी. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसॉल, त्याच दिवशी सुरू झालं. कोल्हापूरला एमआरआय झाला, मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना पांढऱ्या द्रव्याचा (मज्जातंतूंच्या जोडण्यांचा भाग) मोठा पट्टा बिघडलेला, कडेला कॉन्ट्रास्ट (तपासणीत शिरेतून देतात ते औषध) घेतोय. रक्तात फार लांब साखळीची मेदाम्लं वाढलेली आली आणि पुढे जनुक तपासणीत एबीसीडी१ मध्ये दोष सापडला.

आजार आत काय करतो

हे जरा सविस्तर लिहिते, कारण घरच्यांनी हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला.

आपल्या पेशींत पेरॉक्सिसोम नावाचे बारीक कप्पे असतात, तिथे २४-२६ कार्बनच्या लांबलचक मेदाम्लांची मोडतोड होते. ही मेदाम्लं कप्प्याच्या आत न्यायचं काम एबीसीडी१ जनुकापासून बनणारं प्रथिन करतं. ते बिघडलं की माल बाहेरच साठत जातो, जास्त करून अ‍ॅड्रिनलमध्ये आणि मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या चरबीच्या आवरणात. मायलिन कच्चं होतं. कित्येक वर्षं एवढंच चालू असतं आणि मूल वरून ठणठणीत दिसतं.

मग काही मुलग्यांत, साधारण ३५ ते ४० टक्क्यांत, लहानपणीच, बहुतेक वेळा ४ ते १० वर्षांच्या दरम्यान, मेंदूत दाह पेटतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सैल होतो, रोगप्रतिकारक पेशी आत घुसतात आणि मायलिन झपाट्याने नष्ट व्हायला लागतं. सड्यावरच्या सुक्या गवताला लागलेला वणवा बघितला असेल तर कळेल, मधे राख झालेली असते, आग फक्त कडेला असते आणि ती कड पुढे सरकत जाते. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट घेणारी कड म्हणजे तीच. बहुतेक मुलांत ती मागून सुरू होते, जिथे दिसलेल्याचा आणि ऐकलेल्याचा अर्थ लागतो, म्हणून चष्मा आणि कानाची तपासणी दोन्ही फुकट गेलं.

हा दाह कोणात पेटणार आणि कोणात नाही, हे जनुकातल्या दोषावरून सांगता येत नाही. एकाच घरात, एकाच दोषाचे दोन भाऊ, एकाचा मेंदू आठव्या वर्षी जळतो, दुसऱ्याला तिशीत फक्त पाय ताठ होतात. मामाचं हेच झालं होतं. मणक्यातल्या लांब तंतूंचा तो संथ प्रकार, अ‍ॅड्रिनोमायलोन्युरोपथी.

जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे मुलग्यांना आजार होतो आणि आई वाहक असते. वाहक बायकांनाही पुढे चाळिशी-पन्नाशीत पाय जड होणं, तोल जाणं असा त्रास होऊ शकतो, त्यांना कोणी विचारत नाही ही वेगळी गोष्ट.

घरातला वाद

"माहेरचा आजार" हा शब्द घरात आला तो इथेच. सासूबाई वाईट बाई नाहीत, पण त्यांनी देवळात कौल लावला, नंतर गाऱ्हाणं घातलं, आणि दोन महिने सुनेशी धड बोलल्या नाहीत. त्याच काळात कोणीतरी सांगितलं की चरबीचा आजार आहे तर खोबरं आणि मासे बंद करा, म्हणून घरात सुकट आणि नारळ बंद. या घरात नारळ बंद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी समजावलं की ही मेदाम्लं मुख्यतः शरीर स्वतःच बनवतं, ताटातला मासा काढून आजार थांबत नाही. लॉरेन्झोज ऑइल, म्हणजे या आजारासाठी बनवलेलं खास तेल, त्याचंही विचारून झालं. ते रक्तातल्या या मेदाम्लांचं प्रमाण खाली आणतं, पण मेंदूत पेटलेला दाह विझवत नाही, तेव्हा मोठ्यासाठी त्याचा उपयोग नव्हता.

कागदावर घराण्याचा तक्ता काढला तेव्हा मामाच्या पायांची गोष्ट बाहेर आली. मामाने तपासणी करून घेतली, एएलडीच निघाला आणि त्याची अ‍ॅड्रिनलही कमजोर, त्यालाही गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा सासूबाईंचा सूर थोडा बदलला, कारण दोष सुनेच्या आईकडून सुनेत आणि तिच्या भावात आला, यात कोणी काही केलं नव्हतं, हे तक्त्यावर डोळ्यांना दिसत होतं.

मोठ्यासाठी काय पर्याय होते

एएलडीच्या मेंदूतल्या प्रकारावर आज खरा उपाय म्हणजे बोन मॅरो म्हणजेच मूळ पेशींचं प्रत्यारोपण. दात्याच्या पेशी हळूहळू मेंदूत जाऊन दाह थांबवतात, पण याला महिने लागतात आणि तोपर्यंत कड पुढे सरकतच असते. म्हणून नुकसान कमी असतानाच फायदा होतो. एमआरआयवरचं नुकसान लोएस स्कोअरने मोजतात, ० ते ३४. साधारण ९ च्या आत असेल आणि लक्षणं जवळजवळ नसतील तर निकाल चांगला. मोठ्याचा १४ होता आणि लक्षणं ठळक.

वडिलांना तरीही करून बघायचं होतं. जमीन विकायची तयारी होती. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की प्रत्यारोपणाच्या केमोथेरपीने तो जास्त वेगाने ढासळू शकतो, आणि वाचला तरी दिसणं-चालणं परत येणार नाही. माझ्या मते हे एवढं सरळ सांगणं हीच त्या दिवशीची सगळ्यात मोठी मदत होती. "बघूया, प्रयत्न करू" असं कोणी म्हटलं असतं तर पैसे, ताकद आणि वेळ सगळं तिथेच गेलं असतं. त्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "धाकटा कुठे आहे?" धाकटा बाहेर बाकावर चिक्की खात बसला होता.

धाकट्याचा निर्णय

धाकट्यालाही आजार असण्याची शक्यता निम्मी. आई तपासायला तयार, वडील नाही. त्यांचं म्हणणं, एकाचं दुःख पुरेसं आहे, हसताखेळता पोरगा आहे, त्याला कशाला सुया टोचायच्या? हा राग खोटा नव्हता. पण ज्याला काही होत नाही त्याच्यासाठीच औषध आहे, हे या आजाराचं उलटं गणित आहे. शेवटी पटलं ते अ‍ॅड्रिनलच्या मुद्द्याने : मेंदूचं सोडा, उद्या याला ताप येऊन साखर पडली तर? जानेवारीत रिपोर्ट आला, धाकट्यालाही एएलडी.

आता पुढे काय? लगेच प्रत्यारोपण करून टाकावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण मेंदू स्वच्छ असताना ते करत नाहीत, कारण प्रत्यारोपणात जीव जाण्याची जोखीम आहे आणि निम्म्याहून जास्त मुलांत बालपणी दाह होतच नाही. त्यामुळे ठरलं ते असं : दर सहा महिन्यांनी कॉन्ट्रास्टसह एमआरआय, ठराविक काळाने एसीटीएच-कॉर्टिसॉल, आणि दाता आत्ताच शोधून ठेवायचा.

दाता शोधणं म्हणजे ताईचं रक्त. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. तिचं जुळलं. पण ती स्वतः वाहक आहे का, हेही बघायला लागणार होतं, कारण वाहक नसलेला दाता कधीही बरा. एरवी अशी तपासणी मुलगी मोठी होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबवतात, तिच्या लग्नाचं, तिच्या मुलांचं त्यात सगळं येतं. इथे भावासाठी तिची माहिती आधीच उघड होणार होती. आईला वाटत होतं की तिला न सांगताच करावं. समुपदेशकांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "जां काय आसात तां माकाच पयलां सांगा." तसंच केलं. ती वाहक नव्हती.

मधली दीड वर्षं

मोठ्याची नजर मार्चपर्यंत गेली, चालणं पावसाळ्यात, पुढे गिळणं, मग नळीने भरवणं. यावर जास्त लिहीत नाही.

धाकट्यालाही कॉर्टिसॉल कमी निघालं म्हणून गोळ्या सुरू झाल्या. "स्टिरॉइड" शब्दाला घरी फार घाबरत होते, वडिलांनी एकदा अर्धी गोळी करून बघितली. त्यांना सांगितलं की शरीर जे बनवत नाही तेवढंच आपण देतोय. मग एक मराठी कार्ड बनवलं : ताप आला तर डोस तिप्पट, उलटी होऊन गोळी पडत असेल तर इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. एक प्रत फ्रिजवर, एक शाळेत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात. जुलैत एका रात्री लाईट नाही, रस्त्यावर झाड आडवं, पोराला १०२ ताप. आईने कोणाला न विचारता कार्डाप्रमाणे तिप्पट डोस दिला, सकाळी रस्ता मोकळा झाल्यावर दवाखान्यात नेला, पोरगा तोवर पेज मागत होता.

पहिले तीन एमआरआय स्वच्छ. चौथा ऑगस्टमध्ये येत होता आणि वडील म्हणाले गणपती झाल्यावर जाऊ, मुंबईचे चाकरमानी यायचेत, घाटात दरडी, शिवाय तीनदा काही निघालं नाही. ऐकायला बरोबरच वाटतं. पण बालरोगतज्ज्ञ अडून बसले, म्हणाले सहा महिने म्हणजे सहा महिनेच. गणपतीच्या आधी गेले. दोन्ही अर्धमेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला छोटा डाग, कड कॉन्ट्रास्ट घेतेय. लोएस २. पोरगा त्या दिवशी शाळेत पाढे म्हणून आला होता.

काय केलं

कागद तयार होते म्हणून वेळ गेला नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात एएलडी पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत आहे, अट अशी की मज्जासंस्थेची ठळक लक्षणं दिसण्याआधी. मोठा या अटीत कधीच बसला नसता, धाकटा बसला. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे आणि अर्ज ठरलेल्या केंद्रांमार्फतच जातो, मुंबईत केईएम रुग्णालय हे त्यातलं एक. राहण्या-खाण्याचा खर्च गावच्या मुंबईकर मंडळाने उचलला. एका नातेवाईकाने जीन थेरपीचं (मुलाच्याच मूळ पेशींत चांगलं जनुक घालून त्या परत देणं) काढलं, अमेरिकेत ती २०२२ मध्ये मंजूर झाली आहे, पण किंमत ३० लाख डॉलर आणि नंतर काही मुलांत रक्ताचा कर्करोग दिसला. जुळणारी बहीण घरात असताना तो विचार करायचं कारण नव्हतं.

सगळ्यात अवघड प्रश्न वैद्यकीय नव्हता. आई धाकट्याबरोबर चार-पाच महिने मुंबईत राहणार, मग मोठ्याचं कोण बघणार? त्यालाही मुंबईला न्यायचा विचार झाला, पण प्रवास झेपला नसता. आजी आणि वडील घरी राहिले, ट्रॉलर बंद. आजीने नळीने भरवायला शिकून घेतलं, आशा ताई रोज यायच्या.

निकाल

प्रत्यारोपण ऑक्टोबरमध्ये झालं. ताईच्या पेशी रुजल्या. डाग पुढचे काही महिने थोडा वाढला, लोएस ४ पर्यंत, घरच्यांचा धीर सुटत आला होता पण हे होतं हे आधीच सांगितलेलं. मग कॉन्ट्रास्ट घेणं बंद झालं आणि ते तसंच आहे. आता तो पहिलीत आहे, वर्षभर मागे पडला, वाचायला थोडा सावकाश, क्रिकेट खेळतो. गोळ्या जन्मभर चालणार, प्रत्यारोपणाने अ‍ॅड्रिनल सुधारत नाही, आणि मोठेपणी मामासारखे पाय ताठ होण्याचा धोकाही टळलेला नाही.

मोठा जानेवारीत गेला, न्यूमोनियाने. आई मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाली, तिला शेवटची भेट मिळाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुंबईला जायच्या आधी मोठ्याबद्दल बोलायला हवं होतं. तो बिघडला तर व्हेंटिलेटरवर न्यायचा की घरीच ठेवायचा, आईला कधी कळवायचं, तिच्या जागी धाकट्याजवळ कोण बसेल. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काढलं नाही. शेवटच्या दिवशी वडिलांनी एकट्याने ठरवलं, आणि ते ओझं अजून त्यांच्यावर आहे.

दुसरं, आदल्या वर्षी शिमग्याला मोठा असाच तापात चक्कर येऊन पडला होता, सलाईन लावून घरी पाठवला होता. तेव्हा साखर आणि हिरड्या बघितल्या गेल्या असत्या तर कदाचित अक्षर बिघडायच्या आधी एमआरआय झाला असता. कदाचित म्हणते, कारण दाह तेव्हा सुरू झाला होता की नाही हे कोण सांगणार. पण ज्या मुलग्याची अ‍ॅड्रिनल विनाकारण कमी पडते त्याची लांब मेदाम्लं तपासायची, हा नियम मात्र पक्का आहे.

आणि मामा. त्याच्या पायांची नीट तपासणी झाली असती तर हे सगळं घराणं काही वर्षं आधीच कागदावर आलं असतं. अमेरिकेत अनेक राज्यांत जन्मल्यावर टाचेच्या थेंबभर रक्तात हा आजार शोधतात, न्यूयॉर्कने २०१३ मध्ये सुरू केलं. आपल्याकडे ती सोय नाही, त्यामुळे घराण्याचा तक्ता हीच आपली चाचणी.

तक्त्यात अजून एक चौकोन रिकामा आहे. आईची धाकटी बहीण, सासर रत्नागिरीकडे, मुलगा अडीच वर्षांचा. सासरी कळेल म्हणून तिने वर्षभर विषय टाळला. आम्ही कोणी गेलो असतो तर दार लागलं असतं, म्हणून मामा काठी टेकत स्वतः जाऊन आला, तिच्याशी आणि जावयाशी बोलला. मे महिन्यात ती माहेरी येतेय तेव्हा मुलाचं रक्त घ्यायचं ठरलंय, बालरोगतज्ज्ञांकडे तारीख लिहून ठेवली आहे.